थॉर (कॉमिक्स): प्रत्येक लेखक त्याच्याकडून काय काढून घेतो?

सह्यकडा

थॉरच्या सिनेमांवर इथे धागे आहेत पण कॉमिक्सवर एकही दिसला नाही म्हणून हा काढतोय. सध्या परत वाचायला घेतलाय (सगळा नाही, सगळा वाचायला दुसरा जन्म लागेल). स्पॉयलर भरपूर आहेत, सिनेमेच फक्त बघितलेल्यांनी जपून.

तर मुद्दा असा की थॉर लिहायला फार अवघड आहे. देव आहे, हजारो वर्षं जगतो, वीज पाडतो, हातोडा फेकला तरी परत हातात येतो. अशाला गोष्टीत अडचण काय आणायची? स्पायडरमॅनला घरभाडं भरायचं असतं, याला काय? मग जो जो लेखक आला त्याने आधी हेच केलं की थॉरकडून काहीतरी काढून घेतलं. आणि काय काढून घेतलं यावरून तो लेखक कळतो असं माझं मत झालंय.

पहिल्यांदा पाय घेतला. जर्नी इनटू मिस्टरी अंक ८३, ऑगस्ट १९६२. प्लॉट स्टॅन लीचा, संवाद त्याचा भाऊ लॅरी लीबरचे, चित्रं जॅक कर्बीची. डोनाल्ड ब्लेक नावाचा लंगडा डॉक्टर नॉर्वेत सुट्टीवर गेलाय, तिथे शनीवरून आलेले दगडी परग्रहवासी (हो, शनीवरून, तेव्हा चालायचं सगळं), तो पळून गुहेत शिरतो, काठी सापडते, आपटतो आणि थॉर होतो. आणि एक अट, हातोडा ६० सेकंद हातातून सुटला की परत ब्लेक. सुरुवातीच्या कितीतरी गोष्टी निव्वळ या ६० सेकंदांवर चालतात, हातोडा कुठेतरी अडकलाय आणि हा घड्याळ मोजतोय. पुढे १९६८ च्या सुमारास अंक १५९ मधे लीने सांगून टाकलं की ब्लेक नावाचा वेगळा माणूस कधी नव्हताच, पोराची मस्ती उतरवायला ओडिननेच त्याला लंगडा करून पृथ्वीवर पाठवलेलं. म्हणजे सहा वर्षं ज्याला आपण डॉक्टर समजत होतो ती बापाने दिलेली शिक्षा निघाली. मला हा बदल भारी वाटतो, कारण इथून थॉर ही बाप-लेकाची गोष्ट होते आणि ती आजपर्यंत तशीच आहे.

मग वॉल्ट सायमन्सन. अंक ३३७, नोव्हेंबर १९८३. कव्हरवर घोडतोंड्या परका थॉरचे कपडे घालून हातोड्याने मासिकाचं नावच फोडतोय. हा बीटा रे बिल. थॉरचा हातोडा फक्त लायक असेल त्यालाच उचलतो, आणि तो त्याने उचलला, म्हणजे तोही लायक. लायक मी एकटाच आहे ही थॉरची समजूत पहिल्याच अंकात खलास. आणि नंतर ओडिन बिलसाठी वेगळा हातोडा घडवतो तेव्हा ब्लेकवाली जादू त्या नव्या हातोड्यात जाते, की झालं, डॉक्टर संपला. २१ वर्षांची काठी सायमन्सनने तीन-चार अंकांत मोडीत काढली. त्याबदल्यात थॉरला काय मिळालं तर चष्मा, बांधकामावरची नोकरी आणि सिगर्ड जार्लसन हे नाव. चष्मा लावला की कोणी ओळखत नाही, हा सरळ सरळ सुपरमॅनला मारलेला टोमणा आहे.

त्याच वेळी मागे दुसरंच शिजत असतं. मूळ गोष्टीशी संबंध नसलेलं एखादं पान मधेच येतं, अंधारात कुणीतरी तलवार घडवतंय, नाव नाही, चेहरा नाही, फक्त घणाचा आवाज, आणि तो आवाज जॉन वर्कमनने (अक्षरं काढणारा) असा काही लेटर केलाय की कागदातून ऐकू येतो. महिनोन् महिने हेच. तो सर्टर हा आगीचा राक्षस आहे हे कळेपर्यंत सायमन्सन घाई करत नाही. आजच्या लेखकांना सहा अंकांत ट्रेड पेपरबॅक (अंक एकत्र करून काढलेलं पुस्तक) पुरा करायचा असतो, हा धीर कुठून आणणार.

आणि स्कर्ज! अंक ३६२. वीस वर्षं जो एन्चान्ट्रेस या जादूगारणीच्या मागे कुऱ्हाड घेऊन फिरणारा दुय्यम व्हिलन होता तो हेलच्या पुलावर एकटा उभा राहतो, हातात एम-१६ बंदुका, आणि बाकीच्यांना निघून जायला वेळ मिळवून देतो. पान उलटलं की पुढे काय झालं ते दाखवतच नाहीत, फक्त सांगतात की मेलेल्यांच्या त्या राज्यात नवीन कुणी आला आणि तिथली राणी हेलासुद्धा मान झुकवते तो कोण असं त्याने विचारलं तर उत्तर एकच मिळतं, पुलावर एकटा उभा राहिला तो. मी हे लोकलमधे मोबाईलवर वाचत होतो, स्टेशन गेलं.

जेसन आरोनवर स्वतंत्र लिहीन, त्याने तर हातोडाच काढून घेतला. तुमचं काय मत?

---

चकली

मस्त धागा. सिनेमावालीच आहे मी पण वाचतेय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

बोकोबा

सह्यकडा, लेख आवडला पण पायाच चुकलाय. तुम्ही लेखक लेखक करताय आणि कर्बीला एका ओळीत उरकलंत!

मार्व्हलमधे तेव्हा काम कसं चालायचं ते आधी बघा. ली थोडक्यात कल्पना सांगणार, कधी फोनवर, कधी दोन वाक्यांत, मग कर्बी घरी बसून अख्खी गोष्ट पानांवर रचणार, कोण कुठे उभा, कुणाला कुठे मार पडतो, शेवट काय, सगळं, आणि पानं परत आली की ली त्यात संवाद भरणार. मग लेखक कोण? टेल्स ऑफ असगार्ड (असगार्ड म्हणजे देवांची नगरी) ही मागची पाच पाच पानी गोष्ट वाचा, अंक ९७ पासून सुरू झाली, तिथे दिसेल कर्बीला खरं काय करायचं होतं. आणि थॉर त्याच्या डोक्यात आधीपासून होता, १९५७ मधे डीसीच्या एका मासिकात त्याने हातोड्यावर गोष्ट काढलेलीच आहे.

ईगो हा जिवंत ग्रह, मॅनगॉग हा राक्षस, डिस्ट्रॉयर हे चिलखत, हे लिहून सुचत नाही, हे काढताना सुचतं. लंगडा पाय वगैरे ठीक आहे हो, लीला आवडायचं असलं रडगाणं. कर्बीने थॉरकडून काही काढून घेतलं नाही, त्याला मोठं करत नेलं, इतकं की पृथ्वी कमी पडायला लागली आणि शेवटी ग्रह खाणाऱ्या गॅलक्टसला आणून बसवायला लागलं समोर.

तुमचा नियम तिथेच पडतो.

---

सह्यकडा

बोकोबा, पडत नाही, वाकतो :) कर्बीचं श्रेय मान्यच आहे, त्याच्याशिवाय असगार्ड म्हणजे पुठ्ठ्याचा सेट झाला असता. पण मोठं मोठं करत नेल्याने त्या शेवटच्या काळात थॉर स्वतः कोण आहे ते हरवलं असं मला वाटतं. गॅलक्टसच्या अंकांत थॉर बराचसा बघ्या आहे. चित्रं बघून डोळे फाटतात पण थॉरला त्यात काय झालं विचारलं तर सांगता येत नाही.

आणि कोलेटा इंकर (पेन्सिलच्या चित्रांवर शाई फिरवणारा) असताना कर्बीची निम्मी चित्रं खोडली गेली त्याचं काय?

---

बोकोबा

कोलेटाचं नाव काढू नका, बीपी वाढतं. मागची माणसं खोडायचा, इमारतींच्या खिडक्या गाळायचा, का तर पानं वेळेत द्यायची. पण खरं सांगू का, बाकी कुठल्याही मासिकात मला तो सहन होत नाही, थॉरमधे मात्र त्या बारीक केसासारख्या रेघा चालून जातात, जुन्या लाकडावर कोरल्यासारखं दिसतं. हे मी बाहेर कुठे बोलणार नाही.

बघ्याबद्दल असहमत. अंक १५४ ते १५७ परत वाचा, मॅनगॉग. तिथे कोण बघ्या आहे?

---

उत्तरध्रुव

इकडे बर्गनमधे राहते म्हणून लिहावंसं वाटलं. इथे माझ्या ओळखीच्या मंडळींना मार्व्हलचा थॉर म्हणजे अमेरिकन गंमत वाटते, सोनेरी केसांचा, दाढी नसलेला! जुन्या गोष्टींतला थॉर लाल दाढीचा, खादाड, पटकन चिडणारा. आणि लोकी त्याचा भाऊ वगैरे काही नाही, तो ओडिनचा रक्ताची शपथ घेतलेला सोबती. सावत्र भावांचं भांडण हे ली-कर्बीने आणलेलं, आणि आता जगाला तेच खरं वाटतं.

नॉर्डिक लोकांचं स्वतःचं कॉमिक बघायचं असेल तर पीटर मॅडसनची डॅनिश व्हालहाला मालिका बघा, १९७९ ते २००९, एकूण १५ अल्बम. त्यात थॉर चांगला आडदांड आणि थोडा बावळट आहे, आणि मूळ गोष्टींच्या खूप जवळ.

पण सह्यकडांचा मुद्दा मला मूळ गोष्टींतच दिसतो. आइसलँडच्या स्नोरीने साधारण १२२० च्या आसपास ज्या गोष्टी लिहून ठेवल्या त्यात थॉर उटगार्डला जातो ती गोष्ट घ्या. त्याला शिंग भरून पेय देतात, ते संपत नाही, कारण दुसरं टोक समुद्रात असतं. मांजर उचलायला सांगतात, एकच पंजा उचलला जातो, कारण ते मांजर म्हणजे पृथ्वीला विळखा घालणारा साप. म्हातारीशी कुस्ती खेळतो, गुडघ्यावर येतो, कारण ती म्हातारी म्हणजे म्हातारपण. दुसऱ्या एका कवितेत तर हातोडाच चोरीला जातो आणि परत आणायला थॉरला नवरीचा वेश करून राक्षसाशी लग्नाला बसावं लागतं. म्हणजे थॉरची फजिती करणं हे मार्व्हलने शोधलेलं नाही, आठशे वर्षांपूर्वीच्या लोकांनाही देवाची गोष्ट सांगायची हीच युक्ती सापडली होती.

म्हणून सायमन्सनचा बेडूक इकडच्या माझ्या मैत्रिणीला लगेच आवडला, बाकी मार्व्हल तिला झेपत नाही.

---

चकली

बेडूक???

---

सह्यकडा

अंक ३६४ ते ३६६. लोकी थॉरला बेडूक करतो, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधे बेडूक आणि उंदरांचं युद्ध चाललेलं असतं त्यात तो पडतो आणि सगळं पूर्ण गांभीर्याने. मग तो बेडूक हातोडा उचलतो आणि चिलखत घातलेला माणसाएवढा बेडूक होतो. विनोद आहे पण लेखक कुठेही डोळा मारत नाही, तिथेच गंमत.

उत्तरध्रुव, फार सुंदर प्रतिसाद. नवरीची गोष्ट माहीत होती पण उटगार्ड असं जोडलं नव्हतं. आता अल ईविंगच्या इमॉर्टल थॉरचं (२०२३) कोडं सुटलं, त्यात व्हिलन उटगार्डवरूनच येतात, थॉरपेक्षा जुने देव, टोरॅनॉस वगैरे, आणि तो थॉरला ताकदीने जिंकू देत नाही, दरवेळी डोकं चालवायला लावतो.

---

ढेकूळ

सगळे थॉर थॉर करताय, साठ वर्षांत त्या मासिकातला सगळ्यात चांगला लिहिलेला माणूस लोकी आहे हे कुणीतरी बोला.

किरन गिलन, जर्नी इनटू मिस्टरी, ६२२ ते ६४५. सीज या इव्हेंटमधे (बऱ्याच मासिकांत एकदम चालणारी गोष्ट) लोकी मरतो, मग पोरगा होऊन परत येतो, आधीचं काही आठवत नाही पण सगळं असगार्ड त्याचा तिरस्कार करतं, आणि एकटा थॉर त्याच्यावर माया करतो. आता या पोराला चांगलं व्हायचंय पण त्याच्याकडे हत्यार एकच, खोटं बोलणं. शेवटचा अंक सांगत नाही, फक्त एवढंच की मी तो एकदा वाचलाय आणि परत उघडायची हिंमत झालेली नाही. त्यात थॉर चार पानं असेल तर असेल. एका लेखकाने थॉरच्या मासिकातून थॉरलाच काढून घेतलं, घ्या, तुमच्या नियमात बसतंय :))

---

बोकोबा

ढेकूळ +१. चित्रकार सतत बदलत राहिले तरी ती मालिका टिकली, म्हणजे ती खरंच लेखकाची. माझ्या मुद्द्याविरुद्ध आहे पण असो.

---

सह्यकडा

आता आरोन. सात वर्षं लिहिलं त्याने, २०१२ ते २०१९. सुरुवात गॉरपासून, देवांचा खाटीक. गॉरचं सगळं कुटुंब मेलं, प्रार्थना करून करून थकला, कुणी देव आला नाही, आणि मग त्याला समजलं की देव आहेत, फक्त त्यांना पर्वा नाही. मग तो एकेक करून मारत सुटतो. एसाद रिबिचची चित्रं, तीन काळातले तीन थॉर, कोवळा पोरगा ज्याला अजून हातोडा उचलत नाही, आत्ताचा, आणि शेवटचा म्हातारा राजा.

यात ताकद अशी की थॉर जिंकतो पण गॉरचा प्रश्न जिंकत नाही. दोन वर्षांनी निक फ्युरी हा हेर थॉरच्या कानात काहीतरी कुजबुजतो आणि हातोडा हातातून पडतो तो पडतोच. वाचकांनी वर्षानुवर्षं डोकं खाजवलं काय बोलला असेल म्हणून, २०१७ मधे उत्तर आलं: गॉर बरोबर होता. बस. एवढ्या एका वाक्याने थॉर नालायक होतो, कारण मनातून त्याला पटतं. पाय, डॉक्टर, राज्य हे सगळं बाहेरून काढून घेतलेलं होतं. हे आतून गेलं.

---

तिरकस

गॉरपर्यंत ठीक. पुढे जेन फॉस्टरला, थॉरच्या जुन्या प्रेयसीला, थॉर केलं तिथे आरोन लेखक राहिला नाही, भाषणबाज झाला. तो टिटॅनियाचा अंक आठवा, एक व्हिलन येऊन नेटवरच्या टीकाकारांची वाक्यं बोलतो, मग जेन त्याचा जबडा फोडते आणि समोरची व्हिलन टिटॅनिया आदराने शरणागती पत्करते. हे काय लेखन आहे? वाचकाशी भांडायचं तर पत्र लिहा, गोष्ट कशाला वेठीला धरता.

आणि घोषणाही टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात. मार्केटिंग आधी, गोष्ट नंतर.

---

सह्यकडा

त्या एका अंकापुरतं सहमत, पातळ आहे तो. पण सगळी जेन त्या अंकावरून मोजू नका.

---

चकली

या धाग्यामुळे जेनचे अंक वाचून काढले, म्हणून परत आले. तिरकस, तुम्ही शेवटपर्यंत वाचलंय का खरंच? कारण तुमच्या प्रतिसादात कॅन्सरचा उल्लेखच नाही आणि ती गोष्ट दुसऱ्या कशाबद्दलही नाहीये.

जेनला ब्रेस्ट कॅन्सर आहे, केमो चालू आहे. हातोडा उचलला की ती थॉर होते, आणि होताना ती जादू शरीरातलं विष धुऊन टाकते. केमो हे विषच ना, ते जातं. कॅन्सर तिच्या स्वतःच्या पेशींचा, तो राहतो. म्हणजे लोकांना वाचवायला गेलं की दरवेळी आपली ट्रीटमेंट शून्यावर. हे तिला माहीत आहे आणि तरी ती उचलते. आमच्या घरात केमो झालंय, त्या खुर्चीवर तासन् तास बसणं, नंतरचे चार दिवस, ते सगळं असं वाहून जाताना बघून मला पानं उलटवेनात. रसेल डॉटरमनने थॉर झालेली जेन आणि हॉस्पिटलमधली जेन अशी काढलीय की एकच चेहरा आहे हे विसरू देत नाही.

आणि सह्यकडा, तुमच्या नियमाचं काय ते इथे उलटं आहे. बाकीच्या थॉरकडून लेखक काढून घेतो. जेन स्वतः देते. मॅनगॉगला बांधून हातोड्यासकट सूर्यात फेकते, आणि हातोडा गेला की आपण मरणार हे माहीत असताना. हे तुमच्या यादीत कुठे बसवणार?

---

सह्यकडा

बसवता येत नाही. तुमचं वाक्य ढापून मूळ लेखात घालू का?

---

तिरकस

चकली, शेवटचे अंक वाचले नव्हते, टिटॅनियाला वैतागून सोडलं होतं. वाचून बघतो. भाषणबाजीबद्दल मत कायम.

---

उत्तरध्रुव

जाता जाता, २०२२-२३ मधे डॉनी केट्सनंतर थॉर टोरुन ग्रोनबेकने लिहिला, ती नॉर्वेजियन आहे. थॉरला घरचा लेखक मिळाला म्हणायचं. तिच्या लिखाणात देव जरा कोरडे बोलतात, तेवढी आरडाओरड नाही, मला ते इकडच्यासारखं वाटलं.

---

ढेकूळ

केट्सबद्दल कुणी लिहिलं नाही ते बरंच झालं. थॉरला गॅलक्टसचा हेराल्ड म्हणजे दूत केला, पहिला अंक धमाल, निक क्लाइनची चित्रं खतरनाक, पण दर सहा महिन्यांनी याहून मोठं, याहून काळं, याहून भयानक काहीतरी येणार, येणार. ब्लेकला परत आणून वेडा खुनी केला ती एक कल्पना मात्र चांगली होती. इतकी वर्षं हवं तेव्हा वापरलं आणि टाकून दिलं, तो चिडणारच.

---

जुनाट

जर्गन्स विसरलात. १९९८ ते २००४, इतका लांब रन. याच माणसाने आधी १९९२ मधे सुपरमॅन मारला होता. सुरुवातीला जॉन रोमिटा ज्युनियरची चित्रं, सरळ मारामारी, कंटाळा येतो मान्य. पण नंतर ओडिन मरतो, थॉर राजा होतो, असगार्ड न्यूयॉर्कवर आणून ठेवतो आणि ठरवतो की माणसांचं भलं मीच करणार, त्यांना आवडो न आवडो. हळूहळू हुकूमशहा होतो. भविष्यात त्याचा मुलगा मॅग्नी हातोडा उचलतो आणि बापाला उचलत नाही. आरोनच्या कितीतरी आधी. इथे काढून कुणी घेतलं नाही, उलट सगळं देऊन टाकलं, सत्ता, राज्य, ओडिनची शक्ती, आणि त्यातच तो बिघडला.

नियम दुरुस्त करा साहेब.

---

सह्यकडा

जुनाट, जबरी. आजचा दिवस माझा नियम मोडण्याचाच दिसतोय.

स्ट्रॅझिन्स्कीचं राहिलं. २००७, ऑलिव्हिए कॉइपेल. यात थॉर असगार्ड ओक्लाहोमातल्या ब्रॉक्सटन गावाबाहेर जमिनीपासून थोडं वर तरंगत ठेवतो. जमीन कुणाची, परवानगी आहे का, शेरीफ विचारायला येतो. देव गावच्या डायनरमधे जेवतात, टाउन मीटिंगला जातात. फार काही घडत नाही आणि तेच छान आहे. तिसऱ्या अंकात थॉर कतरिना वादळानंतरच्या न्यू ऑर्लीन्समधे उभा आहे आणि तेव्हा देव कुठे होते हा प्रश्न त्याच्यासमोर येतो, मग आयर्न मॅनला धुतो. पुढे कंपनीचा मोठा इव्हेंट गोष्टीत घुसवायचं ठरलं तेव्हा स्ट्रॅझिन्स्कीने काम सोडलं. मग त्या इव्हेंटमधे असगार्ड पाडलंच. लेखकाकडूनच काढून घेतलं म्हणायचं.

---

बोकोबा

लंब्याचौड्या इव्हेंटवर वेगळा धागा काढा, तिथे मी येतो काठी घेऊन.

---

आईची_कटकट

सगळं वाचलं नाही पण विचारते, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, थॉरचे सिनेमे पाठ आहेत, कॉमिक कुठून सुरू करू? लायब्ररीत आरोनचं जाड पुस्तक दिसलं होतं.

---

सह्यकडा

आरोन अजिबात नको, गॉरच्या पहिल्याच अंकात मुंडकी आहेत. तीन-चार वर्षं थांबा. सायमन्सनचा पहिला भाग द्या, बीटा रे बिलपासून. इंग्रजी थोडं जड आहे, पहिले दोन अंक शेजारी बसून वाचा, मग तो स्वतःच ओढून घेईल.

---

उत्तरध्रुव

बेडकाचे तीन अंक आधी द्या. माझ्या लेकीने तिथून सुरू केलं, आधीचं काही माहीत नसलं तरी अडत नाही.

---

आईची_कटकट

धन्यवाद दोघांना. बेडूक ऐकून तो आत्ताच खूश झालाय, हातोडा बेडकाच्या आकाराचा होतो का विचारतोय.

---

बोकोबा

नाही. त्याला सांगा, बेडूक हातोड्याच्या आकाराचा होतो.